सड्यावरची हजेरी

मोपाच्या सड्यावर विमानतळाचे दिवे लागले
तेव्हापासून ईशान्य मी सोडून दिली.
कोरगावच्या वरच्या अंगाला, काजूच्या भाटांपलीकडे,
जांभ्याचा एक उघडा तुकडा अजून काळोख धरून आहे.
तिथे माझी खुर्ची : तीन पाय प्लास्टिकचे, चौथा दगड.
गळ्यात दुर्बीण. हरमलच्या इनासकडे
कुणी परदेशी भाड्याच्या बदल्यात ठेवून गेला ती.
इनास म्हणाला, मास्तर, मला यातून समुद्रच दिसतो, तुम्ही न्या.
मुठीत शाळेचं स्टॉपवॉच, चावीचं,
निवृत्तीच्या दिवशी परत करायचं राहून गेलं.
राहून गेलं, असं मी म्हणतो.

खाली कुणाच्या तरी भट्टीवर उर्राक उतरतोय.
हस्त वर येतो, पाची बोटं पसरून.
त्याच्या दोन ताऱ्यांमध्ये मी मनाने एक रेघ ओढतो
आणि एका रिकाम्या रॉकेटची वाट बघतो,
काम झाल्यावर वरच टाकून दिलेल्या नळकांड्याची.
गटांगळ्या खात येतं ते :
पेटलं, विझलं,
अकरा सेकंद काही नाही,
पेटलं.
रेघेवर आलं की अंगठा दाबायचा,
रेडिओवर आठचा ठोका पडला की पुन्हा दाबायचा.
मग वजाबाकी. एवढंच.

चुकलेली म्हैस शोधत म्हाबळो वर येतो :
"मास्तर, कितें सोदतात?"
म्हटलं, वर पळतात ना, त्यांच्या वेळा घेतो.
त्याला पटतं. तो स्वतः चारशे मीटरला
मध्येच गवतात बसला होता, मी वेळ घेत होतो.

हजेरीपटही शाळेचाच.
नावांच्या रकान्यात आकडे,
पुढे ह, ह, ढग, ह, गै.

नऊ वर्षं लिहून एक कळलं :
माझा अंगठा पाव सेकंद उशिरा पोचतो.
रोज. न चुकता. मी तेवढा वजा करतो.
पण पेडण्याच्या मैदानावर त्या दुपारी
सुकांती केरकर अनवाणी धावली
तेव्हा काय वजा करायचं ते मला ठाऊक नव्हतं.
शेवटच्या दहा पावलांत मी तिच्याकडेच बघत राहिलो.
रेघ ओलांडून ती पुढे गेली,
मग मला अंगठा आठवला.
तेरा पूर्णांक नऊ.
निवडीला तेरा सात हवे होते.
कागद बघून ती म्हणाली, "बरं, सर."
आता म्हापशाला कापडाच्या दुकानात असते,
मीटरपट्टीवर कापड कधी ताणत नाही,
हात सैल सोडते,
गिऱ्हाइकाला दोन बोटं जास्तच जातं.

फेब्रुवारीपासून रॉकेट लवकर यायला लागलं.
चार सेकंद. चाळीस. मग सहा मिनिटं.
मुलांना हे मी कसं शिकवलं असतं, कळत नाही :
जो पडायला लागतो
तो आधीपेक्षा जोरात धावतो.

काल उजेडीच जाऊन बसलो.
हस्त आला.
मोपाला एक विमान उतरलं, लाल-हिरवे दिवे लावून ;
त्याला मी मोजत नाही.
रेघ तशीच होती, दोन ताऱ्यांमध्ये,
तिच्यावर कुणी आलं नाही.
अकरा सेकंद. पुन्हा अकरा.
कधीतरी अंगठा आपोआप दाबला गेला.
आठचा ठोका पडला तोही ऐकला फक्त.

लाल कागद लावलेल्या टॉर्चखाली
गै लिहिलं.
काजूच्या पाचोळ्यातून उतरताना
आधी वाटलं, मागून कुणी येतंय,
बारीक, एकसारखी पावलं टाकत.
थांबलो, तर तेही माझ्यापाशीच.
खिशात हात घातला.
चावी संपेपर्यंत असू दे, म्हटलं.